काशीअण्णांची तीन घड्याळं

काशीअण्णा तीन घड्याळं वापरत. दोन डाव्या मनगटावर, एक उजव्या. वेळ विचारली की आधी तिन्ही वाचत, मग मतदान घेत, मग निकाल सांगत. तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असे.

"दोन घड्याळं म्हंजे नुसतं भांडण. तीन पायजेत, अक्का," असं ते मला समजावत. एकदा त्यांची दोन घड्याळं एकदमच मागे पडली आणि बरोबर चालणारं तिसरं बहुमतानं हरलं. त्या दिवशी गुलबर्गा स्टेशनावर आमची गाडी अगदी लोकशाही मार्गानं चुकली.

बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची, अण्णा संगणक. संगणक आला तेव्हा त्यांना पंधरा दिवस बंगळूरला शिकायला धाडलं होतं. बाकी काय शिकले देव जाणे, एक गोष्ट मात्र डोक्यात घट्ट बसवून आले. मोठ्या यंत्रांच्या मेमरीत माहितीसोबत थोडी जादा माहिती साक्षीदार म्हणून ठेवतात. मधला एखादा आकडा बिघडला, की साक्षीदारांवरून यंत्र तो ओळखतं, दुरुस्त करतं आणि न थांबता चालत राहतं. आमचं यंत्र एवढं थोर नव्हतं. ते चूक दिसली की बंद पडे. त्याची कसर अण्णा स्वतः भरून काढत.

छपाईची रिबन हवी असली की तीन माणसांच्या हाती तीन सारख्या चिठ्ठ्या येत. मी याद्यांची बाई, पहिल्या वेळी तीन रिबनी दिल्या.

"एकच पायजे होती. चिठ्ठ्या मोजायच्या न्हाईत अक्का, ताडून बघायच्या."

पंधरा वर्षांच्या नोकरीत मला चिठ्ठी वाचायला शिकवणारे हे पहिलेच.

पण खरा ताप महिन्याच्या तपासणीचा. अण्णांची बायको, कमळाबाई, वारून दोन वर्षं झाली होती. ते बंगळूरहून परतले त्या दिवशी ती जांभळं लुगडं नेसून बिदरच्या स्टँडवर उभी होती आणि म्हणाली होती, "मशीन शिकलाव, आता भाकर थापाय शिका." एवढाच प्रसंग. तो त्यांनी मला आणि कँटीनच्या शरणम्माअक्काला पाठ करायला लावला होता. दर पहिल्या सोमवारी दोघींकडून वेगवेगळा म्हणवून घेत.

तुमची बायको, तुमची आठवण, आमच्या डोक्याला त्रास कशाला, असं मी एकदा विचारलंच. तेव्हा कळलं, की हळ्ळीखेडला त्यांच्या वडिलांनी शेवटी शेवटी त्यांनाच विचारलं होतं, तू कुणाचा रं?

"मलाबी तसंच व्हायचं असंल तर? एकाच डोक्यात ठिवून कसं चालंल?"

त्यानंतर मी चेष्टा बंद केली असं लिहायला आवडलं असतं. केली नाही. कँटीनमध्ये मी त्यांची नक्कल करायची आणि शरणम्मा हसायची.

मग एका सोमवारी मी नेहमीप्रमाणे भराभर म्हणून टाकत होते, तेव्हा अण्णांनी मला अडवलं.

"जांभळं न्हाई. हिरवं."

मी जांभळंच म्हटलं. ते हिरव्यावर अडून बसले, माझी चूक दाखवायला उत्साहानं कँटीनकडे गेले. परतले ते सावकाश. हातात चहा नव्हता. काही कारण नसताना त्यांनी तिन्ही घड्याळं पाहिली.

"शरणम्माबी जांभळंच म्हणायलीय," ते म्हणाले. "दोन इरुद्ध एक."

हातातल्या यादीची मी उगाच दोनदा घडी घातली.

"मग दुरुस्त करा, अण्णा," मी म्हणाले. "थांबायचं नाही."

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"जांभळं लुगडं," ते हळूच म्हणाले. "बिदरचं स्टँड. मशीन शिकलाव..."

आणि माझ्याकडे पाहत राहिले. उरलेलं मी म्हटलं.