गंगाधरचा कॉम्प्युटर कोणी अडवला?

"गुन्हेगार माझ्यासमोर आला की त्याला आधी घाम फुटतो आणि मग तो गुन्हा कबूल करतो," असं चनबसप्पा स्वतःबद्दल सांगत. मे महिन्यात सोलापुरात कुणालाही कुणाहीसमोर घाम फुटतो, एवढी क्षुल्लक बाब ते हिशेबात धरत नसत. उभी हयात त्यांनी जकात नाक्यावर ट्रकची ताडपत्री उचलून बघण्यात घालवली होती. पुढे जकात बंद झाली, नाका पाडला, तिथं चहाची टपरी आली. साहेबांचा संशय तेवढा चालू राहिला. नवी पेठेमागच्या घरावर त्यांनी 'खाजगी शोधकार्य' अशी पाटी लावली, आणि नाक्यावर त्यांचा शिपाई असलेला शेजारचा गंगाधर आपोआप त्यांचा मदतनीस झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. नाक्यावरही कधी विचारलं नव्हतं.

यावेळची केस मात्र गंगाधरच्याच घरातली होती. त्याचा कॉम्प्युटर दिवाळीपासून असा रखडत होता, की बटण दाबून त्याची बायको अनसूया भाकऱ्या करायला बसायची आणि टोपली भरली तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. आणि आज दुपारी चारला त्याच कॉम्प्युटरवर त्याच्या मुलीची, वैदेहीची, नोकरीसाठी मुलाखत होती. कंपनी पुण्याची, परीक्षा पडद्यावर, मोबाईल चालणार नाही म्हणून आधीच कळवलेलं. हीही नोकरी हुकली तर मामानं माळशिरसला बघून ठेवलेला मुलगा मुकाट्यानं बघायचा, असं पोरगी स्वतःच बोलून बसली होती. मुलाकडं ऊस भरपूर होता. बोलायला काहीच नव्हतं.

साहेब मात्र सकाळपासून खुर्चीत. पुराव्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावल्यामुळं रात्रीच हॉस्टेलवरून आलेल्या वैदेहीला घरच्याच कॉम्प्युटरजवळ फिरकता येईना.

पहिला संशय उन्हावर गेला. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरसमोर आला आणि माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसली. मग चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने सगळी वीज ओढून घेतात असं ठरलं. पण टेबलफॅन जोरात फिरत असल्यामुळं तो सिद्धांत साहेबांनी जड अंतःकरणानं मागं घेतला. त्यानंतर शेजारच्या यशपालला बोलावून तो गंगाधरचं इंटरनेट चोरतो का, याची चौकशी झाली. बँकेत अधिकारी असलेल्या यशपालनं शांतपणे सांगितलं, की त्याच्या घरी याच्या दसपट वेगाचं कनेक्शन आहे आणि हवं तर त्यातलं थोडं तो देईल. एवढा मोकळेपणा साहेबांना फारच संशयास्पद वाटला.

शेवटी त्यांची नजर पडद्यावरच्या सिद्धेश्वराच्या तळ्याच्या फोटोवर स्थिरावली.

"गंगाधर, यात पाणी किती हाय बघितलंस का? पाणी जड असतंय."

गंगाधरनं व्हय म्हटलं. नाक्यावरच्या सवयीनं त्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नसे. तळं काढलं. चक्र फिरतच राहिलं. साडेतीन झाले.

अनसूया ताक घेऊन आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली. कोपऱ्यातले ते चार ठिपके कसले लुकलुकतायत, असं तिनं सहज विचारलं. साहेबांनी अभिमानानं सांगितलं, की ते अँटीव्हायरस, म्हणजे पहारेकरी. दिवाळीत त्यांनीच एक बसवला. कॉम्प्युटर हळू झाला, म्हणजे चोर आत असणार, म्हणून दुसरा बसवला. आणखी हळू झाला, म्हणजे चोर घाबरला, म्हणून तिसरा. चौथा कालच.

वैदेहीनं कपाळाला हात लावला. अनसूयानं ताकाचा पेला खाली ठेवला.

"तुमच्या नाक्यावर एका कारकुनाला एक ट्रक सोडायला अर्धा दिवस लागायचा," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "हितं चार कारकून बसलेत, आन् ते एकमेकांचीच ताडपत्री उचलून बघतायत."

गंगाधरला सगळं कळलं. कळूनही साहेबांना उठा म्हणायला जीभ रेटेना. त्यानं पोरीकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग तो जन्मात पहिल्यांदा साहेबांशी खोटं बोलला.

"साहेब, चोराचा साथीदार गल्लीच्या तोंडाशी उभा हाय. तुमीच अडवा. मला न्हाय जमायचं."

साहेब चपला न घालताच धावले. वैदेही खुर्चीत बसली, भराभर तीन पहारेकऱ्यांना रजा दिली, एकाला ठेवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अनसूया सवयीनं पीठ मळायला निघाली होती, ती दारातूनच परत फिरली. पडदा उघडलासुद्धा होता.

गल्लीच्या तोंडाशी साहेबांनी भोंगा लावून येणारा भंगारवाला, बँड घेऊन निघालेली वरात आणि यशपालची मोटारसायकल अडवून धरली, त्यामुळं मुलाखत अगदी शांततेत पार पडली. वैदेही हसत बाहेर आली. पुढच्या महिन्यात पुण्याला हजर व्हायला सांगितलं होतं. गंगाधरला रडूच कोसळलं, आणि त्यानं ते अजिबात लपवलं नाही.

साहेब घामाघूम परत आले. कॉम्प्युटर पळतोय हे बघून त्यांनी मान डोलावली, पण चेहरा जरा पडलेलाच होता.

"पोरीचं काम झालं, चांगलं झालं. पण गुन्हेगार निसटला, गंगाधर. लई हुशार होता. माझं पुढचं पाऊल काय असणार, हे त्याला दर वेळी आधीच ठाऊक होतं की."

"व्हय, साहेब," गंगाधर म्हणाला, आणि यावेळी अगदी मनापासून.