लॉर्कनराव लंडनास नको म्हणाले त्याची हकीकत

रंगदेवतेस नमन करून आणि लेट्रिम परगण्यातील थोरामोठ्यांची अनुज्ञा घेऊन, मौजे ड्रमलोहन येथील मॅकनर्नी घराण्यावर जे अरिष्ट गुदरले आणि ते ज्या शर्थीने निवारिले, ते यथास्थित लिहिले जाते. वाचणाराने चहा जवळ घेऊन बसावे.

राजश्री लॉर्कनराव, उमर तेवीस, मुद्रा राजबिंडी, कान मात्र मोठे. शाळेच्या नाताळ नाटकात मेंढीचे सोंग घेऊन प्रथम मैदानात उतरले, आणि मग लोण्याच्या जाहिरातीत पाव खाल्ला, आणि मग गुन्हेशोधाच्या मालिकेत मुडदा होऊन दलदलीत निपचित पडले, तेथे शिंक आली असता जागच्या जागी गिळिली, ऐसा मर्द. परंतु पुढे काम मिळेना. तेव्हा फरशीच्या दुकानाचे धनी मामासाहेब यांणी फर्मान काढिले की सोमवारपावेतो भूमिका न मिळाल्यास भाच्याने दुकानी रुजू व्हावे. फरशीचे नाव निघताच राव परसात पळ काढीत.

ऐसियात शुक्रवारी सकाळी लंडनाहून एका नव्या मालिकेच्या कारभारीण फिलिपाबाई यांचा फोन आला, की धाकट्या नायकाची भूमिका आपणांस देऊ केली आहे. आता लेट्रिमचा कदीम दस्तूर ऐसा की कोणी काही देऊ केल्यास एकदा नको म्हणावे, दोनदा नको म्हणावे, आणि तिसऱ्यांदा आग्रह जाहला म्हणजे मोठ्या संकोचाने घ्यावे. पहिल्याने घेई तो हावरट. रावांचे काळीज उड्या मारीत होते, परंतु जिभेने कुळाचार सोडिला नाही.

“छे छे, मला कशाला? माझ्यापेक्षा चांगले आहेत की कितीतरी.”

बाईंनी बरे म्हणून फोन ठेविला.

मातोश्री असम्प्टाबाई चुलीपाशी होत्या. “मग? दुसऱ्यांदा काय म्हणाली?”

“दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आई.”

“विचारलंच नाही? काय बाई माणसं तरी. कुणी वळण लावलं की नाही यांना?”

मग डब्लिनास रावांस भूमिका मिळवून देण्याची वकिली करणाऱ्या ग्रोन्याबाईंस खबर पोहोचली आणि त्यांणी फोनवरून तोफखाना सुरू केला.

“तू नको म्हणालास, मेल्या?”

“एकदाच म्हणालो.”

“लंडनला एकदाच पुरतं!”

त्याउपरि ग्रोन्याबाईंनी लंडनाशी बहुत रदबदली करून तह आणिला, की फिलिपाबाई सायंकाळी फोन करतील, एकवार पुसतील, आणि होकार न आल्यास भूमिका दुसऱ्यास जाईल. मग मातोश्रींनी स्वयंपाकघरात तालीम मांडिली आणि मनुकांच्या केकची फोड पुढे केली.

“केक घेतोस?”

“नको गं, आत्ताच जेवलो.”

“गेलं बघ लंडन. पुन्हा. केक घेतोस?”

“तुला उरलाय का पण?”

“माझं सोड रे बाबा. नुसतं हो म्हण.”

ऐसे करिता करिता अर्धा केक शिळा जाहला आणि राव घामाने निथळले, परंतु हो काही उमटेना. बापजाद्यांत कोणी म्हटले नव्हते, ते या गरिबाने कोठून आणावे.

सायंकाळी फोन वाजला. फिलिपाबाईंनी पुसिले की भूमिका हवी किंवा नको. रावांची जीभ सवयीने नकोकडे वळू लागली, आणि मग डोळ्यांपुढे मामासाहेबांचे दुकान आले, रांगेने लाविलेल्या करड्या फरशा आल्या, आणि आपल्याला हे काम किती हवे आहे हे उमजून त्यांस रडूच कोसळले.

“हो,” राव म्हणाले. “हवी आहे. फार हवी आहे मला.”

भर बाजारात धोतर सुटावे ऐसी लाज वाटली. लंडनाने छान म्हणून करार पाठवितो ऐसे कळविले. फत्ते जाहली. भाद्रपद मासी शुक्रवारी सूर्यास्तसमयी मॅकनर्नी कुळात पहिला होकार नोंदला गेला, आणि फरशीची स्वारी कायमची मागे फिरली.

मातोश्रींनी लेकास उराशी धरिले, आणि पदराने डोळे पुसून दार लोटून घेतले.

“पहिल्या झटक्यालाच हो म्हणालास, हे गावात बोलू नकोस हं कुठे.”

सबब परगण्यात आजतागायत हकीकत चालते ती ऐसी, की लंडनाने तीन वेळा विनवणी केली, तेव्हा कोठे लॉर्कनराव तयार जाहले.