राघूने न टोचलेला पेरू

एका जंगलात, बाळांनो, जिथे वाघसुद्धा सभेची मंजुरी घेतल्याशिवाय डरकाळी फोडत नसे, तिथे जांभी नावाची एक अस्वलीण राहायची. चुळबुळ करू नका, गोष्ट छोटी आहे.

जांभीला पेरूचं वेड. कुठे गोड पेरू लागला की त्याच्या बिया जपायची, डोंगरउतारावर पेरायची. झाडं मोठी झाली, फळं धरली, की चाखायला बसायची. आंबट निघालं, उपटलं. नुसतं बियांचं गाठोडं निघालं, उपटलं. बऱ्यापैकी निघालं, तर त्याच्या बिया पुन्हा पेरल्या. असं करता करता बाईची नखं झिजली, तोंडावरचे केस पिकले. शेवटी मनासारखं एकच झाड हाती लागलं. त्याचा पेरू असा, की दाताखाली आला की डोळे आपोआप मिटायचे.

आता हा पेरू उतारभर लावावा, पल्याडच्या जंगलातही पाठवावा, असं तिच्या मनात आलं. पण नवं फळ लावायचं तर फळपारख मंडळाकडून ते पास करून घ्यावं लागे. आणि नापास झाड मुळासकट उपटायचं, असा तिथला नियम.

"मला कसली भीती?" जांभी म्हणाली. "चाखतील आणि पाया पडतील."

मंडळात तिघे होते. अध्यक्ष तरसोजीराव, हाडं चघळणारे. गवाप्पा गवा, गवत खाणारे. आणि बगळोपंत, मासे गिळणारे. तिघांनी जन्मात फळ तोंडात घातलं नव्हतं. म्हणून तर त्यांना नेमलं होतं!

"फळ खाणारा परीक्षक आला की तो आपल्या आवडीचंच पास करणार," अध्यक्ष सांगायचे. "आम्हाला आवडच नाही. आम्ही निःपक्षपाती."

गाढवाला गुळाची चव काय, असं आपण म्हणतो. पण बाळांनो, गाढव निदान गूळ चाटून तरी बघतं.

परीक्षेला जांभीसमोर हुप्पाजी वानराचा पेरू होता. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं वज्रकांती. पेरू कसला, हिरवा गोटाच! सगळे एका मापाचे, वर अशी चकाकी, की बगळोपंतांनी त्यात पाहून आपली मान नीट केली.

"तुमच्या पेरूचं नाव काय, जांभाबाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेरू."

अध्यक्षांनी बगळोपंतांकडे पाहिलं. बगळोपंतांनी डोळे मिटून घेतले.

मग गवाप्पांनी दोन्ही पेरू कड्यावरून ढकलले. लांबच्या वाटेवर फळ टिकेल का, ते बघायला. जांभीचा पेरू पहिल्याच दगडावर फुटला. वज्रकांती टणाटण उड्या मारत खाली गेला आणि खालच्या एका सशाला लंगडा करून थांबला.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले.

शेवटी झाडावरचं नुकसान बघायला मंडळी उतारावर गेली. जांभीच्या झाडावर राघूंचा नुसता बाजार भरला होता. पिकलेलं एक फळ अख्खं नव्हतं.

"अरेरे," बगळोपंत म्हणाले. "सगळं टोचलेलं."

"अहो, राघू गोड असेल तेच टोचतो!" जांभी कडाडली. "शेंबड्या पोराला कळतं ते!"

"आम्ही शेंबडी पोरं नाही."

"तेच तर दुखणं आहे!"

मग वज्रकांतीचं झाड पाहिलं. तिथे एकच राघू आला. त्याने एक चोच मारली, फांदीवर चोच घासून घासून पुसली आणि उडून गेला तो परत आला नाही.

"शून्य नुकसान!" अध्यक्षांना गहिवरून आलं. "हुप्पाजी, हे साधलं कसं?"

हुप्पाजीने नम्रपणे मान खाली घातली. त्याने स्वतःही तो पेरू कधी खाल्ला नव्हता.

"माझा एक चाखून तरी बघा," जांभी म्हणाली. बाईचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"लाच देता?" अध्यक्ष गुरगुरले. "गवाप्पा, उपटा ते झाड."

जांभी बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला उपट, मेल्या!"

गवाप्पांना बाईवर शिंग उगारवेना. त्यांनी पलीकडून जाऊन बुंध्याला डोकं लावलं आणि रेटा दिला. झाड हललं. एक पिकला पेरू बरोब्बर त्यांच्या नाकावर पडून फुटला. गवाप्पांची जीभ सवयीने बाहेर आली.

आणि गवाप्पा तसेच उभे राहिले. डोळे मिटून.

"जांभाबाई," जरा वेळाने ते हळूच म्हणाले, "आणखी एक पडेल का हो?"

"गवाप्पा!" अध्यक्ष ओरडले. "तुम्ही फळ खाल्लंत! तुमचं मत बाटलं. या क्षणापासून तुम्ही मंडळात नाही."

त्यांच्या जागी सांबर नेमला. तो झाड उपटायला गेला आणि दातांत बिया अडकवून परतला. त्यालाही काढला. मग देखरेखीला बगळोपंत गेले, ते परतलेच नाहीत. ज्याला चव कळली तो नालायक ठरला, आणि ज्याला कळली नाही त्याची लायकी वाढत गेली. अखेर मंडळात एकटे तरसोजीराव उरले. त्यांनी वज्रकांती एकमताने पास केला.

उतार वज्रकांतीने भरला. टोपल्या पल्याडच्या जंगलात गेल्या. काय त्यांचं कौतुक झालं! कोल्ह्याने टोपली लांडग्याला भेट दिली, लांडग्याने चित्त्याला, चित्त्याने बारशाला हरणीला. खाल्ला कुणीच नाही. त्यामुळे तक्रारही कुणाची आली नाही, आणि मागणी दरसाल वाढत गेली.

जांभीचं झाड अजून उभं आहे. ते उपटायचा हुकूमही कायम आहे. फक्त तो बजावायला जो जातो, तो तिथेच माजी होतो. त्या झाडाखाली आता माजी परीक्षकांची दाटी असते, आणि जांभी त्यांच्यावर ओरडत असते, "ढकलाढकली करू नका रे, आधी राघूंना खाऊ द्या!"

तात्पर्य : बाळांनो, कठीण, गुळगुळीत आणि बेचव राहा, म्हणजे लांबवर जाल. गोड झालात तर जिथे उगवलात तिथेच लोक तुम्हाला संपवून टाकतील, आणि वर बोटंही चाटतील.