डॅलस, कोलंबस आणि खांबेटे भाऊजींचे गुडघे

फोन जरा जवळ घे गं, कान धरायचाय तुझा. दर फोनला एकच प्रश्न, आत्या, कतारला यायला खर्च किती? खर्चाचं विचारायचं तर आमच्या खांबेटे भाऊजींना विचार. इथे दोह्यातल्या गराफ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. पण ते तुला इथला नाही, अमेरिकेतला खर्च सांगतील.

हा माणूस दुकानात कोथिंबिरीची जुडी उचलून मोठ्यानं म्हणतो, "डॅलसला दुप्पट, कोलंबसला तिप्पट." स्वतः अमेरिकेला एकदाही गेलेला नाही.

त्यांच्या बायकोला, मंगलवहिनींना, जाऊन पाच वर्षं झाली, घरात बाप-लेक दोघंच उरले. गेल्या वर्षी लेकीला, ऋताला, दोन नोकऱ्या चालून आल्या, एक डॅलसला, एक कोलंबसला. पगार सारखाच. भाऊजींनी वहीत तक्ता आखला. ऋता म्हणाली, कोलंबसला भाडं कमी. भाऊजी म्हणाले, थंडीचा कोट धर, बूट धर, बर्फ उपसायची फावडी धर. फावडी दोन, कारण एक मोडणार. डॅलसच्या एसीच्या बिलापुढे मात्र शून्य. का, तर पोरगी दोह्याच्या उन्हात वाढलीय. आमच्या ह्यांनी चूक दाखवली तर वही मिटून म्हणाले, "आकडा बोलतो, मी नाही. डॅलस. खलास."

तो तक्ता चहा ठेवताना मी पाहिलाय. शेवटच्या ओळीत आकडाच नव्हता. डॅलसखाली लिहिलं होतं, थेट विमान. कोलंबसखाली, मध्ये बदलावं लागतं, गुडघे. मी आपली कप ठेवून बाहेर आले.

ऋता गेली कोलंबसला. तिथलं काम तिच्या आवडीचं, तिचं काही चुकलं नाही. वाटलं, आता वही बंद होईल. कसली बंद? आता डॅलसचं नाव काढलं की अंगावर येतात. कोलंबसला दूध स्वस्त, कोलंबसला हवा चांगली, फावडं एकच पुरतं.

पोरीनं बजावलं, बाबा, एकटे येऊ नका, आलात तर विमानतळावर व्हीलचेअर सांगा. डॉक्टरही तेच म्हणाले. दोघांनाही एकच उत्तर मिळालं, "खुर्चीत बसून मुलीकडे जाणार नाही."

परवा मॉलमध्ये बघते तर भाऊजी चाकांची बॅग ओढत चाललेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत तांदळाची पिशवी, वजनाला. घामाघूम झालेले, डोळा घड्याळावर. सिक्युरिटीवाल्यानं हिंदीत विचारलं, चाचा, कुठे निघालात? न थांबता म्हणाले, "कोलंबस."

मी गाठून बाकावर बसवलं. गुडघा चोळत म्हणाले, "वहिनी, विमान बदलायला तास मिळतो. मागच्या महिन्यात या चालीत दोनदा बसावं लागायचं. आज एकदाच." मग आवाज खाली आला. "बसलो ते ऋताला सांगू नका."

नाही सांगितलं. आता रोज संध्याकाळी मीही बरोबर चालते. बॅग मी ओढायची नाही, अशी अट आहे.

तेव्हा बाई, खर्च विचारत बसू नकोस. मुंबईहून थेट विमान आहे, मध्ये बदलायचं नाही, आणि तुझे गुडघे अजून धड आहेत. लवकर ये.