सोळा सोमवार आणि बादशाही कोर्मा

ह्यांची कारखान्यातली नोकरी कायम व्हायची होती, त्या श्रावणात मी वीरेश्वराला सोळा सोमवार बोलले होते. कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलंच होतं, "अठ्ठेचाळीस किलो भरा, नाहीतर सही नाही." आणि हे भरत होते पंचेचाळीस. (तेही चपलांसकट.)

ह्यांच्या पंजाबी फोरमनच्या बायकोने उपाय सांगितला: कोंबडीचा कोर्मा. दही, काजू आणि वाटीभर साय. "एका ताटात महिन्याची ताकद! मोगल बादशहा हेच खायचे."

शेजारची चंद्रभागा इथल्याच तुडील गावची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रायगडाच्या पायथ्याला बसून मोगलांचं कालवण रांधतेस? लाज नाय वाटत गो?"

"अगं, औषध म्हणून!"

"मग वाढ हिकडं. बघू तुझं औषध."

अडचण अशी, की सोमवार पुरे होईस्तोवर मी मांसमच्छी सोडलेली. मग चव बघणार कोण? दर रविवारी चंद्रभागा वाटी घेऊन हजर.

"मीठ कमी हाय."

मी घातलं.

"आता बरं हाय. पण नुसत्या रश्श्यावरून काय कळतंय गो? तंगडी दे."

ह्यांच्या ताटात मान, पाठीचा सापळा आणि बादशहांचा इतिहास, एवढंच पडायचं.

साय मात्र मी अर्धीच घालत असे. मेलेल्या कोंबडीला एवढी साय कशाला? उरलेली उपासाला चालते. सोमवारी ती साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्यायची, वर रताळ्याचा शिरा, शेंगदाण्याचे दोन लाडू. (देवासाठी मी पुष्कळ सोसलंय.)

सोळावा सोमवार झाला आणि मंगळवारी तपासणी. मी जप करत सोबत गेले. हे काट्यावर चढले. पंचेचाळीस!

"डॉक्टरसाहेब, काटा बिघडलाय! सोळा आठवडे कोर्मा खाल्लाय ह्यांनी!"

"असं? मग तुम्ही उभ्या राहा बघू."

श्रावणात मी चोपन्न होते. देवाचं नाव घेऊन चढले. काटा बासष्टावर जाऊन थांबला.

डॉक्टरांनी एकदा मला पाहिलं, एकदा ह्यांना. "घरात खाण्यापिण्याची आबाळ नाही, हे तर दिसतंच आहे. म्हणजे ह्यांची अंगकाठीच अशी. फिट!" आणि सही ठोकली.

तेव्हा बायांनो, तुम्हीही सोळा सोमवार करा, मनोभावे करा. आणि तपासणीला नवऱ्याबरोबर जरूर जा. देव घरात नेमका कोणाला पावलाय, हे आपण काट्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.