परातीच्या बुडावरचा पत्ता

ही हकीकत ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. बसलाच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजा. कळंबच्या गाडीला अजून अर्धा तास आहे, आणि आपण बसलोय तो बाक अण्णारावांच्या भांड्यांच्या दुकानासमोरचा आहे, तेव्हा गोष्ट त्यांचीच सांगायला हवी. आतून तो थाप थाप आवाज येतोय ना, त्या चन्नम्मावहिनी. दुकानामागंच घर आहे त्यांचं. अण्णाराव माल आणायला बाहेर गेलेत, म्हणून तर सांगता येतंय.

तर अण्णारावांकडं भांडं घेतलं की ते त्यावर नाव फुकट घालून देतात. हातात मावेल एवढं यंत्र आहे त्यांचं, घर्र करत स्टीलवर नाव कोरतं. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या पुतण्यानं त्यांना वेबसाइट काढून दिली आणि तिच्याबरोबर दुकानाच्या नावाचा ईमेलचा पत्ता. वेबसाइट कुणी पाहिली असेल तर त्या पुतण्यानंच. पण पत्ता अण्णारावांच्या मनात भरला. आधी ‘दुकान’, मग ते जिलबीसारखं गोल चिन्ह, मग ‘अण्णारावभांडी’, मग टिंब आणि ‘इन’. येरमाळ्यात दुसऱ्या कुणाकडं असा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या बुडावर तो कोरला जाऊ लागला.

हात बसावा म्हणून पहिल्यांदा त्यांनी तो चन्नम्मावहिनींच्या पितळी परातीवर कोरला. परात वहिनींच्या आईनं मुरूमहून पाठवलेली. यंत्र घसरलं आणि जिलबीची गोगलगाय झाली. वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत.

पण त्या पत्त्याचा पुढं भलताच उपयोग झाला. लग्नाकार्यात भांडी अदलाबदल होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तपेलं कुठल्या कुठं जातं, झाकण तिसऱ्याच घरी सापडतं. लोक भांडं उलटं करायचे, बुडावर पत्ता दिसायचा, आणि पोरासोरांच्या फोनवरून अण्णारावांना लिहायचे, ‘“मामाकडून” असं कोरलेली कळशी आमच्याकडं आलीय, कुणाची?’ अण्णाराव स्टँडवर कुणाच्या तरी फोनवर टपाल बघायचे, वही काढायचे आणि कळशी घरी पोचवायचे. जिल्ह्यातली अर्धी हरवलेली भांडी त्या पत्त्यामुळं परत आली.

“काका, मागल्या वेळी तुम्ही पाव म्हणला होता,” असं हा पानपट्टीवाला उत्तरेश्वर म्हणेल. म्हणू द्या. मागल्या वेळी पाव होती, आता वाढली.

सगळ्यांची भांडी परत आली, एक तेवढी चन्नम्मावहिनींची परात आली नाही. मुलीच्या, शिवप्रियाच्या लग्नात ती हरवली. सास्तूरचे व्याही, दोनशे पाहुणे, धावपळ. रात्री भांडी मोजली तर परात नाही. तेव्हापासून वहिनी रोज दिवेलागणीला विचारायच्या, “अवो, टपाल आलं का माझ्या परातीचं?”

अशात झालं काय, ज्या कंपनीच्या जागेवर ती वेबसाइट होती तिनं भाडं वाढवलं. अण्णाराव म्हणाले, कुणी बघत नाही त्या जागेला भाडं कशाला? सोडून दिली. तिसऱ्या दिवशी वेबसाइट गेली, आणि तिच्याबरोबर टपालही बंद पडलं.

वहिनींनी तवा खाली ठेवला. “वेबसाइट गेली तर जाऊ द्या, तिचं नखभर काम न्हवतं. पत्ता गेला तर माज्या अव्वाची परात वाट कुणाला इचारंल?”

अण्णारावांनी धाराशिवहून भाची बोलावली. गायत्री तिथं कॉम्प्युटर शिकवते. तिनं पाच मिनिटं बघितलं आणि हसली.

“मामा, नाव येगळं आन् जागा येगळी. जागेचं भाडं बंद करा, पर नाव सोडू नका. नावाचं वर्षाला थोडंसं भरायचं. त्या नावावर जे टपाल येईल ते दुसऱ्या साध्या, फुकटच्या मेलवर वळवायचं. नाव इकणारेच ती सोय देत्यात.”

“म्हंजे मळ्यातलं घर पाडलं तरी पोस्टमन आपली पत्रं किराणा दुकानात देतो, तसं?”

“अगदी तसंच. आता तुमचा साधा मेल सांगा.”

इथं अण्णारावांचं अडलं. त्यांचा फोन बटणाचा. वहिनींचा तेव्हा तसलाच, आणि तोही कायम स्पीकरवर. त्यांनी मुरूमला फोन लावला की येरमाळ्याचं अर्धं स्टँड मुरूमची खुशाली ऐकतं. गायत्री म्हणाली, “माझा टाकू?” पण अण्णारावांच्या डोक्यात भलताच विचार आला.

“गुरुसिद्धप्पांचा टाक.”

गुरुसिद्धप्पा म्हणजे सास्तूरचे व्याही, शिवप्रियाचे सासरे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तेहतीस वर्षांत एक पत्र फोडलं नाही, एक पत्र चुकवलं नाही.

“मामा, तुमचं टपाल त्यांच्याकडं कशाला?”

“लग्नात त्यांचा मान ऱ्हायला होता, फेटा उशिरा बांधला म्हणून. आता दुकानाच्या टपालाचा पयला मान त्यांचा. आन् टपाल सांभाळावं तर टपालवाल्यानं.”

अण्णारावांनी फोन करून सांगितलं, गुरुसिद्धप्पांचा ऊर भरून आला. त्यांनी फोनवर आलेलं ‘मंजूर आहे का’चं बटण आंघोळ करून, भस्म लावून दाबलं. पंधरा दिवस काम चोख चाललं. कुठल्या तपेल्याचं पत्र आलं की ते लगेच फोन करायचे, “अण्णाराव, टपाल. लोहाऱ्याचं. तपेलं एक, झाकणाशिवाय.” वेबसाइटचं भाडं वाचलं, पत्ता टिकला, व्याही खूश.

सोळाव्या दिवशी शिवप्रियाचं पत्र आलं.

तिला हे टपाल वळवल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आपल्या वडिलांच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिलं, कारण फोनवर बोलावं तर आईचा फोन स्पीकरवर, आणि अप्पांचा फोनही आईच उचलणार. लिहिलं होतं असं: ‘अप्पा, अव्वाची परात सापडली. आमच्याच घरात आहे. ती आहेरात आली असं सासूबाईंना वाटतं, त्यांना लई आवडते, रोज त्यातच भाकरी थापतात. मला बोलता येईना. तुम्ही पण इकडं कुणाला बोलू नका. वाचून पुसून टाका.’

हे पत्र सुनेच्या खोलीतून निघालं, आणि भिंतीपलीकडं झोपाळ्यावर बसलेल्या सासऱ्याच्या फोनवर येऊन पडलं. मधलं अंतर नऊ फूट.

गुरुसिद्धप्पांनी पहिल्या चार शब्दांत ओळखलं की हे पत्र भांड्याचं असलं तरी खासगी आहे. पण डोळे काही ऐकत नाहीत, पत्र संपूनच थांबले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचं पत्र वाचलं होतं. फोन करून सांगावं, तर वाचलं हे कबूल केल्यासारखं. गप्प बसावं, तर पत्र दाबल्यासारखं. मग खात्यातला धडा आठवला: पत्र ज्याचं त्याला पोचवायचं. त्यांनी ते पत्र, पत्ता नीट बघून, ‘दुकान’, जिलबी, ‘अण्णारावभांडी’, टिंब, ‘इन’वर पुढं पाठवलं.

एका मिनिटात ते परत आलं. त्यांच्याच फोनवर.

येणारच ना, तो पत्ता त्यांच्याकडंच वळवलेला. पण गुरुसिद्धप्पांना वाटलं, अण्णारावांनी परत पाठवलं. त्यांनी वर एक ओळ लिहिली, ‘आपले पत्र चुकून इकडे आले, न वाचता पाठवीत आहे,’ आणि पुन्हा धाडलं. पुन्हा परत. मग ‘कृपया स्वीकारावे’. परत. ‘रागावू नये’. परत. दर खेपेला पत्राच्या डोक्यावर ‘पुढे पाठवले’चा एक शिक्का वाढत होता. अकरा शिक्के झाले तेव्हा गुरुसिद्धप्पा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात, बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

“रुद्रम्मा, व्याही लई रागावल्यात. अकरा बार पत्र धुडकावलं.”

“कशापायी?”

“ती परात जरा उलटी कर.”

रुद्रम्माबाईंनी पीठ काढलं, परात उलटी केली. “ही नक्षी हाय की. गोगलगाय काढलीय.”

“गोगलगाय न्हवं ती. पत्ता हाय. परात येनबाईंची हाय, शिवप्रियाच्या आईची.”

दीड वर्ष येनबाईंच्या परातीत भाकरी थापली. रुद्रम्माबाईंनी पदर खोचला. “आजच देऊन या. पर रिकामी न्यायची न्हाय. दुसऱ्याचं भांडं रिकामं गेलं तर माजं नाक राहील का?”

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आणि इथं तर अकरा वेळा धुडकावलेला राग उतरवायचा होता. परातीत शेंगांच्या पोळ्या रचल्या. त्यावर धपाटे. राग मोठा म्हणून वर इरकल लुगडं, शाल, नारळ. वरून पांढरं उपरणं बांधलं. परात इतकी भरली की ती उचलायला दोन माणसं लागली, आणि त्यातला एक मी होतो. मी त्या दिवशी सास्तूरलाच होतो, विचारा हवं तर. जीपमध्ये मागं, परात मांडीवर घेऊन, मी येरमाळ्यापर्यंत आलो.

येडशीच्या घाटात एक माकड आत शिरलं. उपरणं बाजूला केलं, एक पोळी घेतली, गेलं. आणि शपथेवर सांगतो, दोन मिनिटांनी परत आलं आणि त्या जागी एक सीताफळ ठेवून गेलं. रीत त्यालाही कळते.

“सीताफळ?” असं उत्तरेश्वर म्हणतोय बघा. हो, सीताफळ. पिकलेलं.

येरमाळ्यात पोचलो तर चन्नम्मावहिनी येडाईच्या डोंगरावर दर्शनाला गेलेल्या. अण्णाराव एकटेच. व्याही अचानक दारात, हातात एवढं मोठं गाठोडं. त्यांना काही उमजेना.

गुरुसिद्धप्पा हळूच म्हणाले, “टपाल पोचतंय न्हवं?”

“लई झ्याक,” अण्णाराव म्हणाले. “तुमच्याकडं दिल्यापासनं मला कायबी तरास न्हाय. एक पत्र बघावं लागत न्हाय.”

गुरुसिद्धप्पांना तो टोमणा वाटला. ते आणखी नमले. “आमचं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या, अण्णाराव.”

“चुकतंय कसलं? उलट आमीच तुमच्यावर भार टाकला.”

हाही टोमणाच. गुरुसिद्धप्पा पाणीसुद्धा अर्धंच प्यायले. अण्णारावांनी घाईघाईनं उपरण्यासकट सगळं घरात नेलं, वहिनींच्या डब्यांत रिकामं केलं, आणि मग त्यांनाही तीच रीत आठवली. व्याह्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? स्टीलचे पाच तांबे, एक पातळ, गूळ, नारळ, परत उपरणं घट्ट बांधून गाठोडं व्याह्यांच्या हातात. ताटाच्या आवाजावरून धातू ओळखणारा हा माणूस. स्वतःच्या घरातली परात, ती उलटी करून बघायचं त्यांना सुचलं नाही. गुरुसिद्धप्पांना वाटलं, व्याह्यांचा राग गेला आणि परात त्यांनी मोठ्या मनानं आपल्यालाच दिली. डोळे पुसत ते जीपमध्ये बसले.

तासाभरानं वहिनी डोंगर उतरून आल्या. शेंगांच्या पोळ्या बघून खूश झाल्या.

“कशात आणल्या हुत्या एवढ्या?”

“परातीत.”

“कसल्या?”

“पितळी हुती.”

वहिनींनी पोळी खाली ठेवली. “बुडाला काय हुतं?”

“उलटी करून बगितलीच न्हाय,” अण्णाराव म्हणाले. मग गायत्रीला फोन, मग शिवप्रियाकडून सासऱ्यांच्या मेलचा शोध, मग तिनं गुपचूप गायत्रीला धाडलेलं ते अकरा शिक्क्यांचं पत्र. गायत्रीनं ते वाचून दाखवलं, स्पीकरवर, म्हणजे स्टँडवरच्या सगळ्यांना कळलं. कळलं, पण कुणाला बोलता येईना. बोलावं तर शिवप्रिया चहाडी केल्यासारखी उघडी पडते. वहिनींनी सगळ्यांना बजावलं, “पोरीला त्या घरात नांदायचंय. परातीचं नाव कुणी काढायचं न्हाय.”

गायत्रीनं एक शहाणपण केलं. वहिनींना पडद्याचा फोन घेऊन दिला आणि त्या पत्त्याचं सगळं टपाल व्याह्यांकडून काढून वहिनींच्या फोनवर वळवलं. वेबसाइट नाही, जागेचं भाडं नाही, पत्ता मात्र जिवंत. व्याह्यांचा मान गेला म्हणून त्यांना दर दिवाळीला एक पत्र त्याच पत्त्यावरून पाठवतात.

आणि परात? ती तिकडंच. नाही, एका जागी नाही. रुद्रम्माबाईंना ते पाच तांबे पचले नाहीत, त्यांनी आठ दिवसांत परात भरून परत धाडली. अण्णारावांनी भरून माघारी दिली. दोन वर्षं झाली, दर सोमवारी ती जाते आणि दर गुरुवारी येते, कुणाला रिकामी करून ठेवता येत नाही आणि कुणाला मागता येत नाही. त्यातल्या एकेचाळीस खेपा मी स्वतः मोजल्या. येडशीचं ते माकड आता जीप ओळखतं. तिच्यात भाकरी थापायचं चन्नम्मावहिनींच्या नशिबी अजून आलेलं नाही, बिचाऱ्या स्टीलच्या ताटात भागवतात. आज सोमवार, म्हणजे आत्ता या घडीला ती परात तुळजापूरच्या पुढं, सास्तूरच्या वाटेवर…

थाप थाप थांबली की काय?

दारात चन्नम्मावहिनी उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि कमरेवर मोठी पितळी परात, बुड आमच्याकडं. बुडावर गोगलगाय स्पष्ट दिसत होती.

“माकडाचं सोडून दिलं, महांतप्पा भावजी,” त्या म्हणाल्या. “पर परात सास्तूरच्या वाटंला हाय म्हणताव, तर म्या सकाळधरनं भाकरी कशात थापाया लागलेय?”