डोमाकाकांचं आवतन

आमच्या शेजारचे डोमाकाका रोज संध्याकाळी आपल्या बैलाला, कुत्र्याला, मांजरीला आणि कोंबड्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचे. एकेकासमोर उभं राहून, टोपी नीट करून, खणखणीत आवाजात म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकून असं आवतन देतात, हे आमच्या विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते वर्षातून एकदा, आणि बैलाला. मांजरीला कोण देतं?

"मांजरीनं कोणाचं घोडं मारलं वं?" काका विचारायचे.

नागपूर उमरेड रोडनं वाढत वाढत काकांच्या शेतापर्यंत आलं, आणि त्यासोबत आम्हीही आलो. आता चारी बाजूंनी आमचा ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत, आणि मधोमध काकांचं अर्धा एकर. कौलाचं घर, अंगणात चूल, मांडवावर वाल आणि कुंपणाला बरबटी. बरबटी म्हणजे तुमची चवळी, पण चवळी म्हटलं की काकांना ऐकू येत नाही.

बैलाचं नाव नवरदेव. काकांच्या बायकोच्या, पार्बताकाकूंच्या माहेरून तो वासरू म्हणून आला, आणि आल्यापासून काम कमी, मानपान जास्त. पुढे तर इतका म्हातारा झाला की काम हा विषयच उरला नाही. कुत्र्याचं नाव पाहुणा, कारण तो एकदा आला तो गेलाच नाही. मांजर म्हणजे मामी. ती घरोघरी जाऊन झाकणं उघडून पाहते. आणि कोंबडा सेक्रेटरी, कारण तो काही कारण नसताना सगळ्यांना उठवतो. आमच्या ले-आउटचे खरे सेक्रेटरी ठवकर साहेब. त्यांना हे कळलं तेव्हा ते तरातरा काकांकडे गेले. काका हात जोडून म्हणाले, "बदलून टाकतो साहेब. त्यालेबी आवडून नाही राहिलं."

मी स्वतः जुन्या नागपुरातल्या इतवारीची. आमच्या गल्लीत भांडायला मुहूर्त पाहत नाहीत. इथं राहायला आल्या आठवड्यातच मामीनं माझं पातेलंभर दूध संपवलं, तेव्हा मी पदर खोचून काकांच्या अंगणात उभी राहिले. चुलीवर गंज, म्हणजे पितळेचं मोठं पातेलं होतं, त्यात बरबटी रटरटत होती. वरून लसूण-मिरचीचा ठेचा पडला, आणि काय सांगू, माझ्या तोंडातले शब्द विरघळले. दुपारची जेवायची वेळ, मी ताटकळत उभी, पण हा माणूस बस म्हणेना.

"काल आवतन घेतलं होतं का?" काकांनी विचारलं.

"मी भांडायला आलेय."

"मंग उद्या ये. आज आवतन घे, उद्या जेवाले ये. भांडण तवाच करू."

दुसऱ्या दिवशी मी गेले. ज्वारीची भाकर, तर्री आलेली बरबटी, वरून मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. तीन भाकरी खाल्ल्या. दुधाचं काय झालं, ते घरी आल्यावर आठवलं.

पण नियम म्हणजे नियम. आदल्या दिवशी, समोर येऊन, तोंडानं बोलावलं नाही तर काका स्वतःही कुणाकडे पाणी पीत नाहीत. त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं लग्नाची पत्रिका मोबाइलवर पाठवली. काका गेले नाहीत. तो रागावून भेटायला आला तर म्हणाले, "आवतन मोबाइलवर देल्लं, तर पंगतबी त्याच्यातच वाढायची होती गा." बाप्पा, हा माणूस कुणाला भीत म्हणून नाही.

काकांचा मुलगा प्रवीण नंदनवनला फ्लॅटमध्ये राहतो. पोरगा गुणाचा आहे, दर रविवारी येतो. त्याचं एकच म्हणणं, बाबांनी आता तिकडे राहायला यावं. पण त्याच्या सोसायटीत जनावरं चालत नाहीत. इकडे ठवकर साहेबांचंही एकच म्हणणं, की शेणाचा वास येतो, बैल गोशाळेत द्यावा. मागच्या पावसाळ्यात दोघं मिळून काकांच्या अंगणात बसले. मी भिंतीवरून ऐकत होते, आणि लपून नव्हते ऐकत.

"बाबा, तिथं त्याची चांगली सोय होईल," प्रवीण म्हणाला.

"सोय?" काका म्हणाले. "म्हातारं झालं का घराबाहेर काढाचं, याले सोय म्हणतेत का? मी कुठी नाही जात. तो बी नाही जात. तुमच्या ले-आउटले वास येत असन तर नाक तिकडं करून झोपा."

ठवकर साहेब उठून गेले. मी भिंतीमागे मनापासून खूश झाले.

मग थंडीत एका सकाळी नवरदेव बसला तो उठलाच नाही. जनावरांचे डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, म्हणाले, वय झालं, आजचा दिवस काढेल, उद्याचं सांगता येत नाही. काका ऐकून चुलीपाशी गेले. बरबटी मऊ शिजवून घोटली, तिच्यात भाकर चुरली आणि घास घास भरवायला बसले. संध्याकाळी वाटीत हळद-तूप गरम केलं, पळसाच्या पानानं त्याचे खांदे शेकले, टोपी नीट केली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला राहवलं नाही. "काका, तो चाललाय. आता कशाला?"

काका माझ्याकडे न पाहता बोलले. "पार्बता धंतोलीच्या दवाखान्यात होती. संध्याकाळी मी नुसता येतो म्हणून निघालो. उद्या बरबटी आणतो, उद्या जेवजो, असं काही नाही म्हणलं तिले. सकाळी ती नव्हती. ज्यानं आवतन घेतलं तो जेवल्याबिगर जात नाही, सूनबाई. यानं घेतलं हाय."

मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडले.

नवरदेव दुसऱ्या दिवशी जेवला. तिसऱ्याही दिवशी जेवला. डॉक्टरांचा हिशेब चुकवून तुरीच्या शेंगा येईपर्यंत जेवत राहिला. काका रोज आवतन देत आणि सकाळी डॉक्टरांना सांगायला माणूस पाठवत, की अजून हाय म्हणा. मग एका दुपारी सोल्यांचं, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचं कालवण आणि भाकर खाऊन त्यानं मान टाकली. जेवून गेला.

त्या दिवसापासून काकांची चूल बंद झाली. संध्याकाळी आवाज येईना. पाहुणा आणि मामी ओट्याखाली वाट पाहत बसत आणि शेवटी माझ्याकडे येत. मी हाक मारली तर काका नुसती मान हलवत. डबा पाठवला तर तसाच परत आला, कारण आवतन नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण अक्कल उशिरा येते.

रविवारी प्रवीण टेम्पो घेऊन आला. काका या वेळी भांडले नाहीत. ओट्यावर बसून होते, शेजारी पत्र्याची पेटी. गंज पोत्यात बांधलेला. त्यांना असं गप्प बसलेलं पाहून माझं डोकंच फिरलं. घरात गेले, वाटीत हळद-तूप गरम केलं आणि फाटकातून सरळ आत. प्रवीण पाहतच राहिला. मी काकांच्या सदऱ्यावरूनच दोन्ही खांद्यांना तूप लावलं. खांद्यांची नुसती हाडं हाताला लागली.

"काका," मी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

काकांनी वाटीकडे पाहिलं.

"भाजी कायची?"

"बरबटीची."

"तुले जमते का?"

"नाही जमली तर शिकवा."

त्यांनी डोळे पुसले, टोपी नीट केली आणि मुलाकडे वळले. "प्रवीण, टेम्पो वापस ने. मले उद्याचं आवतन हाय."

प्रवीणनं पोत्याची गाठ सोडली आणि गंज चुलीजवळ नेऊन ठेवला. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "वहिनी, मलेबी आवतन भेटन का?"